पैलवानाची बावीस अंडी

मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी सेलूच्या बाजारात अजूनही कुणी ना कुणी मला थांबवतं आणि विचारतं, "बाई, ते अजगराचं काय झालं होतं हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायला लागतं! प्रत्येकाची गोष्ट वेगळी. कुणी म्हणतं अंडी शंभर होती. कुणी म्हणतं बाईंनी ती घरी गादीखाली ठेवून उबवली. एका जुन्या विद्यार्थ्याने तर मला, खुद्द मला, ऐकवलं की अंडी हेडसरांनी उबवली. उबवली!

किस्से असेच साचत जातात. ज्याचा काही संबंध नव्हता तो सगळ्यात रंगवून सांगतो आणि जिने भर उन्हाळ्यात पोती भिजवली ती कोपऱ्यात उभी राहून ऐकते. म्हणून एकदाचं मीच सांगून टाकते. ज्यांना राग येईल त्यांनी येऊ द्यावा. मला तेव्हा आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

\* \* \*

बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सेलूच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होते. नोकरीचं दुसरं वर्ष, लग्न झालेलं नाही, आणि मोठ्या मिनतवारीने मिळालेली प्रयोगशाळेची किल्ली पदराला बांधलेली.

संक्रांत झाली आणि जिनिंग फॅक्टरीचे वॉचमन गफ्फारभाई खांद्यावर पोतं घेऊन शाळेत आले. फॅक्टरीत कापसातून काढलेल्या सरकीचा, म्हणजे गुरांच्या खाद्याचा, डोंगर असायचा. सरकीत उंदीर, आणि उंदरांच्या मागे आलेला हा अजगर. मजूर काठ्या घेऊन धावले होते, पण गफ्फारभाई आडवे आले.

"मैं बोला, मारो मत, बाईंच्या शाळेत देऊ. कुच नै करता बाई, लई शरीफ जानवर हाय!"

चांगला नऊ फूट लांब. फॅक्टरीच्याच सुताराने जाळीचा पिंजरा करून दिला. शिपाई नामदेवने नाव ठेवलं पैलवान. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग हेडसर बघायला आले.

हेडसर गणिताचे. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "नर आहे."

"कशावरून सर?"

"आकार बघा की!"

मी म्हटलं, सर, अजगरात मादीच मोठी असते. शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना नखासारखे काटे असतात, नराचे ठळक असतात, हिचे अगदी बारीक आहेत. ही मादी आहे.

"बाई, तुम्हाला अजून अनुभव नाही," सर म्हणाले. जसा काही सरांचा जन्म अजगरांत गेला होता!

मी तेच सगळं लेखी दिलं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत आली. वर शेरा : "यावर शिक्का नाही." आमच्या शाळेत शिक्का नसलेला कागद हा कागदच नसायचा. शिक्का सरांच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला. आता मी शिक्का मारायचा कसा?

आठ दिवसांनी पेंटर आला आणि त्याने पिंजऱ्यावर पाटी रंगवली. "भारतीय अजगर. नर. स्वभाव शांत." स्वभाव पैलवानाचा शांत होता. माझा नव्हता.

\* \* \*

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तर नामदेव फाटकातच उभा. चेहरा पांढराफटक.

"बाई, लवकर चला. पैलवान बाळंत झालाय!"

मी धावत गेले. पैलवान अंगाची वेटोळी घालून बसली होती आणि वेटोळ्यांच्या फटीतून अंडी दिसत होती. पांढरी, लांबट, कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी, एकमेकांना चिकटलेली. कवच टणक नाही, कातड्यासारखं. मी खाली बसून मोजली. बावीस! वर पाटी : नर.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला, मग रडू आलं, आणि मग हेडसरांना बोलवावं असं फार फार वाटलं.

सर आले. त्यांनी अंड्यांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि पाटीवर विश्वास ठेवला!

"ही कुणीतरी आणून ठेवलीत," ते म्हणाले. "होळीचे दिवस आहेत. पोरांचा चावटपणा."

"सर, एवढी मोठी अंडी पोरं आणणार कुठून?"

"तोच तपास करायचाय."

आणि तपास झाला. प्रार्थनेनंतर सर ओट्यावर उभे राहिले, शेजारी ड्रिलसर छडी घेऊन. "ज्याने कुणी अजगराखाली अंडी ठेवली असतील, त्याने मुकाट्याने पुढे यावं. नाहीतर अख्ख्या शाळेला उन्हात उभं करीन."

पाच मिनिटांत चौघांनी कबुली दिली!

\* \* \*

चौघांपैकी एकालाही अंडी किती ते सांगता येईना, तेव्हा कुठे सरांनी तपास थांबवला. म्हणजे चूक कबूल केली का? छे! त्यांनी मला मेमो दिला.

तो मेमो मला अजून पाठ आहे. "कुमारी खंदारे यांस. आपल्या ताब्यातील नर अजगरास अंडी झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार शाळेच्या आवारात कसा घडला व यास जबाबदार कोण, याचा खुलासा चोवीस तासांत करावा." खाली सही. सहीवर शिक्का, इतका दाबून मारलेला की शाई मागच्या बाजूला उतरली होती.

मेमो घेऊन आलेल्या नामदेवने मला हळूच विचारलं, "बाई, जबाबदार मंजे बापाचं नाव मागायलेत का?"

एका अविवाहित शिक्षिकेला हा प्रश्न, तोही शिक्क्यासकट! तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच कागदाच्या पाठीवर खुलासा लिहिला : "सदर मादी शाळेत येण्यापूर्वीच गाभण असावी. जबाबदार व्यक्ती सरकीच्या ढिगाऱ्यात राहत असून तिला मी ओळखत नाही."

खुलासा असमाधानकारक ठरला. सरांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं म्हणणं काय आहे?"

"दोन महिन्यांत बावीसच्या बावीस अंड्यांतून जिवंत पिल्लं निघतील."

"ज्या अंड्यांना बापच नाही, त्यातून काय निघणार? वारं?" सर हसले. ड्रिलसरही हसले, कारण सर हसले होते. "ठीक आहे. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत वाट बघू. तोवर काही निघालं नाही तर अंडी उकिरड्यावर, अजगर फॅक्टरीत आणि प्रयोगशाळेची किल्ली ड्रिलसरांकडे."

ड्रिलसरांना प्रयोगशाळा कशाला हवी होती? लेझीम ठेवायला!

त्या संध्याकाळी मी बाबांना पत्र लिहिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीला घरी येणार नाही. पुस्तकात वाचलेली एक गोष्ट मला एकदा डोळ्यांनी बघायची होती, आणि ती गोष्ट माझ्या पिंजऱ्यात होती.

\* \* \*

सकाळी गारवा असला की पैलवान थरथरायची. अजगराची मादी अंगातले स्नायू आखडून सोडून ऊब तयार करते आणि अंड्यांना देते. मी हे स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. नामदेव तर दिसेल त्याला सांगत सुटला, "पैलवानाला हिव भरलंय."

त्या दिवसांत हिवतापाचे कर्मचारी दारोदार फिरायचे. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. "घरात कुणाला ताप?" असं विचारायचे, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचे आणि भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहून पुढे जायचे. असाच एक जण शाळेत आला.

"कुणाला ताप?"

"पैलवानाला," नामदेव म्हणाला. "रोज सकाळी थंडी वाजून थरथर कापायलाय."

त्याने वऱ्हांड्यातच फॉर्म भरला. नाव : पैलवान. वय : नामदेवला माहीत नव्हतं. धंदा : नामदेव म्हणाला, "काई न्हाई, बसून असतो." मग तो सुई आणि काच हातात घेऊनच आत आला. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्या प्रयोगशाळेत क्षणभर काही दिसायचं नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पेशंट कुठंय? डाव्या हाताचं बोट पुढं करायला सांगा."

मी पिंजऱ्याकडे हात केला आणि म्हटलं, "सापडलं बोट तर घ्या."

सुई नंतर आम्हाला फाटकाजवळ सापडली.

पण गंमत इथे संपली असती तर मी कशाला चिडले असते! फॉर्म वर गेला होता. ताप, रुग्ण एक. आठ दिवसांनी डीडीटीचे पंप घेऊन फवारणीवाले हजर. म्हणे या खोलीत रुग्ण आहे, वरून आदेश आहे. हेडसर म्हणाले, आदेश असेल तर फवारा. एवढ्याशा खोलीत ती फवारणी झाली असती तर बावीस जीव आणि त्यांची आई, सगळे संपले असते. मी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले. "आधी माझ्यावर फवारा," मी म्हटलं. हात काही मी खाली घेतले नाहीत.

त्यांनी शेवटी मुतारी फवारली आणि गेले.

\* \* \*

थरथरण्यावर उपाय काढला तो गफ्फारभाईंनी.

"बाई, ये सरकी में कायकू बैठा था, मालूम? सरकीला जरा ओल लागली की ढीग आतून तापतो. हात घालवत नाही."

मी शास्त्राची पदवीधर, आणि हे मला फॅक्टरीच्या वॉचमनने सांगावं लागलं. ते कबूल करायला मला लाज वाटली नाही. काही लोकांना चूक कबूल करायची फार लाज वाटते, मला नाही.

गफ्फारभाईंनी तीन पोती सरकी आणून दिली. ती किंचित ओलसर करून आम्ही पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना रचली. दोन दिवसांत पैलवानचं थरथरणं कमी झालं. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी बघते तर सरकी अर्धी! पाचव्या दिवशी पोती रिकामी, आणि पैलवान पुन्हा थरथरायला लागलेली.

चोर कोण ते मला कधीच कळलं नाही. एवढंच आठवतं की त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा अतिशय दाट व्हायला लागला आणि सगळे जण ड्रिलसरांच्या म्हशीचं कौतुक करत होते.

\* \* \*

मग हेडसरांनी स्वतः लक्ष घातलं. मला सगळ्यात भीती याचीच होती.

"बाई, कापणारं जनावर अंडी काय उबवणार? यावर शास्त्रीय उपाय पाहिजे," असं म्हणून त्यांनी घरून खुडूक कोंबडी पाठवली. अंड्यांवर बसायचं वेड लागलेल्या कोंबडीला आपल्याकडे खुडूक म्हणतात. ती अंडी देत नाही, जागची हलत नाही, आणि बायका तिला पाण्यात बुचकळून ते वेड घालवायला बघतात. सरांची ही कोंबडी तीन आठवडे खुडूक होती. पाण्यात दहा वेळा बुचकळून झाली होती.

मी म्हटलं, सर, कोंबडीची ऊब वेगळी, ही अंडी हलवली तर आतलं पिल्लू दगावतं. सर म्हणाले, "आदेश आहे."

नामदेवने कोंबडी पिंजऱ्यासमोर नेली. पैलवानने सावकाश डोकं उचललं आणि तिच्याकडे बघितलं. बस्स, एवढंच. अंड्यांवर असताना ती काही खात नव्हती, तिने जीभसुद्धा नीट बाहेर काढली नाही. पण कोंबडी नामदेवच्या हातातून सुटली ती खिडकीतून मैदानात, मैदानातून सरांच्या घरी. आणि दुसऱ्या दिवशी तिने अंडं दिलं! तीन आठवड्यांचं वेड एका नजरेत उतरलं.

ही बातमी गल्लीत पसरली. पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी दोन-तीन बायका काखेत खुडूक कोंबड्या घेऊन प्रयोगशाळेच्या दारात रांगेत उभ्या.

"बाई, माझीला येकदा दाखवून आणा की!"

मी नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते.

\* \* \*

या सगळ्यात पैलवानला "ती" म्हणणारं दुसरं माणूस एकच होतं. नामदेवची बायको कौसाबाई. अंडी घातल्याच्या पाचव्या दिवशी ती हळदकुंकू घेऊन आली.

"आज पाचवी हाय बाई. सटवाई येती लेकरांचं नशीब लिवायला. कोरा कागद न् पेन ठिवावं लागतं."

आमच्या घरी बाबांनी हे असलं सगळं छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच बंद केलं होतं. दुसरं कुणी असतं तर मी दारातून परत पाठवलं असतं. पण कौसाबाई पिंजऱ्याजवळ बसून म्हणाली, "बघा कशी बसलीय उपाशी. बाईच्या जातीला सुटका न्हाई." मी म्हटलं, ठेव.

तिने बावीस कागद मांडले. प्रत्येक लेकराला स्वतंत्र. पेन नामदेवने आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी अख्खी शाळा डोक्यावर घेतली. त्यांचं हिरव्या टोपणाचं शाईचं पेन हरवलं होतं. ज्याने आजवर सगळे मेमो लिहिले ते पेन! दुपारी ते प्रयोगशाळेत, पिंजऱ्याच्या कडेला, हळदकुंकू लागलेलं सापडलं. शेजारी शाळेचे बावीस कोरे कागद.

सरांनी पेन पुसलं, कागद मोजले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही म्हणे शास्त्र शिकवता!"

मी खुलासा केला नाही. दरवेळी काय खुलासा करायचा?

\* \* \*

आता शेवटचं. हे कुणी धड सांगत नाही, म्हणून नीट ऐका.

मे उजाडला. आता थंडीची नाही, उन्हाची भीती. पत्र्याखाली अंडी शिजून गेली असती. मी माझ्या खोलीवरचा वाळ्याचा पडदा आणून प्रयोगशाळेच्या खिडकीला लावला. दाराला पोती. मी आणि नामदेव दिवसातून चार वेळा विहिरीवरून पाणी आणून ती भिजवायचो. पैलवानची कांती निस्तेज झाली होती, पाठीचा कणा दिसायला लागला होता. दोन महिन्यांत पोटात काही नाही. पण वेटोळं सोडलं नाही. बाकी शाळा नुसती भाजत होती, आमची खोली तेवढी गार.

आणि तिथेच घोळ झाला. मे महिन्यात शाळा रिकामी म्हणजे तो हक्काचा जानवसा. कुणाचंही लग्न असो, नवऱ्या मुलाकडचं वऱ्हाड शाळेत उतरायचं. यंदा लग्न होतं आमच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या मुलीचं. वऱ्हाड बोरीचं, मोठे बागाईतदार. आदल्या दिवशी हेडसर मला म्हणाले, "व्याह्यांना गार खोली पाहिजे. उद्या सकाळपर्यंत प्रयोगशाळा रिकामी करा. अंडी उकिरड्यावर टाका."

"सर, जूनपर्यंत म्हणाला होतात! आता चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे."

"बाई, चेअरमनसाहेबांची मुलगी आहे ती."

"आणि ही?" मी पिंजऱ्याकडे बोट केलं.

सरांनी पाटीकडे बघितलं. "हा नर आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी प्रयोगशाळेला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि दारात स्टूल टाकून बसले. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनात पक्कं केलं. ऊन चढलं तरी स्टुलावरून उठले नाही.

वऱ्हाड ट्रकमधून आलं. नवरदेवाचे वडील धिप्पाड, फेटा बांधलेले, घामाने निथळलेले. एकेका खोलीत डोकावत, "लय गरम हाय, लय गरम हाय," म्हणत ते आमच्या दाराशी आले. भिजल्या वाळ्याचा वास आला तसे थबकले.

"पोरी, ही खोली कुणाची?"

मी उभी राहिले. "आत बाळंतीण आहे," मी म्हटलं.

तो माणूस दोन पावलं मागे सरला. "मग न्हाई जायचं गड्याच्या जातीनं आत," असं म्हणून त्यांनी वऱ्हांड्यातच सतरंजी अंथरायला लावली आणि भिंतीला टेकून बसले. हेडसर लांबून हातवारे करत होते. मी बघितलंच नाही.

साडेनऊच्या सुमाराला मी आणि नामदेव पोती भिजवायला आत गेलो. पैलवानने वेटोळं सैल केलं होतं. मधल्या अंड्याला बारीक चीर, आणि चिरेतून अंगठ्याएवढं एक डोकं बाहेर बघत होतं. शेजारी दुसरं. पलीकडे तिसरं. मी तिथेच खाली बसले. ओरडला तो नामदेव, "बाई, निघाले! निघाले!"

आरडाओरडा ऐकून व्याही आत आले. बाळंतीण बघितली. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. "येक, दोन, तीन," ते बोटावर मोजत होते. "माझ्या गोठ्यात लय जल्म बघितले बाई. पर असं न्हाई."

अकरा वाजता चेअरमनसाहेबांकडून निरोप आला, पूजनाला चला. व्याही म्हणाले, "अजून आठ ऱ्हायलेत." साडेअकराला दुसरा निरोप. "पाच ऱ्हायलेत." बाराला वाजंत्री फाटकापर्यंत येऊन वाजवून थकली. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव घोड्यावर, नवरी मांडवात, आणि नवरदेवाचा बाप प्रयोगशाळेत!

शेवटी चेअरमनसाहेब स्वतः आले. त्यांनी व्याह्यांना हात जोडले. व्याही जागचे हलले नाहीत. "येकवीस झालेत. बाविसावं बघितल्याबिगर मी उठणार न्हाई. बाई म्हणतील तवा उठीन."

चेअरमनसाहेबांनी हेडसरांकडे बघितलं. ती नजर पैलवानने कोंबडीला दिली होती तीच.

सर माझ्याजवळ आले. दोन वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "बाई, ते शेवटचं अंडं तेवढं फोडून टाका ना."

"फोडलं तर मरेल, सर."

"मग व्याह्यांना सांगा, उठा म्हणून. तुमचं ऐकतायत ते."

"सांगते," मी म्हटलं. "पण तोंडी नको. लेखी द्या."

"आत्ता? बाई, वीस मिनिटं राहिलीत!"

"मग लवकर लिहा."

कागद नव्हता. सरांनी खिशातून लग्नपत्रिका काढली, हिरव्या टोपणाचं पेन काढलं, आणि पत्रिकेच्या पाठीवर, भिंतीला टेकवून, लिहायला लागले. "कुमारी खंदारे यांस विनंती की, आपल्या ताब्यातील," इथपर्यंत भराभर लिहिलं. मग पेन थांबलं. बाहेर वाजंत्री पुन्हा सुरू झाली. चेअरमनसाहेब खाकरले. सरांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा त्या एकवीस डोक्यांकडे बघितलं, आणि लिहिलं, "मादी अजगराचे." पुढचं वाक्य पुरं केलं, खाली सही केली आणि पत्रिका माझ्यासमोर धरली.

मी हात पुढे केला, तेवढ्यात मागून नामदेव म्हणाला, "सर, शिक्का ऱ्हायला की!"